धनदाईनगरचं बंधारण

रविवार, १६ मार्च १९९७

आजपासून मी धनदाईनगर सोसायटीचा प्रमुख. बिनविरोध! सुकलालआबांनी सकाळी बोअरच्या मोटारघराची किल्ली आणि व्हॉल्व्ह फिरवायचा पाना माझ्या हातात ठेवला आणि इतक्या लगबगीने घर गाठलं की त्यांच्यासाठी आणलेला हार तसाच राहिला. तीन वर्षं तेच प्रमुख होते. थकले असतील बिचारे.

आमची सोसायटी सुरतच्या डिंडोलीत. तीन गल्ल्या, बैठी घरं, बहुतेक सगळे धुळे-अमळनेर-शिंदखेड्याकडचे. महापालिकेचं पाणी आमच्या बरंच अलीकडे थांबतं, म्हणून सगळा संसार एका बोअरवर. प्रत्येक दारापुढे जमिनीत एक व्हॉल्व्ह. म्हणजे पाना ज्याच्या हातात, त्याच्या हातात गाव.

किल्ली सुषमाला दाखवली. बायको म्हणून कौतुक करेल असं वाटलं होतं. तर ती म्हणाली, "किल्ली उनी, आते झोप गयी तुमनी." किल्ली आली, आता झोप गेली म्हणे.

संध्याकाळी बसून पाण्याचे सगळे नियम मी एकट्याने लिहून काढले. कुणाला विचारत बसलो असतो तर महिना गेला असता. मिलमध्येही मी असंच करतो. पलसाण्याच्या डाइंग मिलमध्ये फोल्डिंग खातं माझ्याकडे आहे. तिथे विचारत बसलं तर साड्यांचा ढीग छताला लागतो.

शनिवार, २२ मार्च

पहिला गुन्हा! लोटूने थेट पाइपाला मोटार जोडून पाणी ओढलं. मीच पकडला. तिथल्या तिथे शिक्षा सुनावली, दोन दिवस पाणी बंद. लोटू किराणा दुकानदार, जिभेला हाड नाही. म्हणाला, "वा रे भाऊ, तूच पोलीस, तूच मॅजिस्ट्रेट!"

रात्री विचार केला. लोटू आमच्या शेजारच्या गावचा. त्याची आई आणि माझी आई एका विहिरीवर पाणी भरायच्या. माणुसकी म्हणून सकाळी व्हॉल्व्ह उघडून दिला. कायदा कडक असावा, पण डोळस असावा.

शनिवार, २९ मार्च

आज तिसऱ्या गल्लीत शेवटच्या घराचा नळ धो धो वाहत होता आणि घराला नुसती कडी. पाणी गल्लीभर. या दिवसांत! तिथे रामदास आणि पार्वती राहतात. बीडकडचे, भाडेकरू, तो गवंडीकाम करतो. घरमालक अमळनेरला असतो. मी पाना काढला आणि व्हॉल्व्ह बंद केला. आठ दिवस.

दुपारी पार्वती दारात आली. "दादा, शेजारच्या लीलाताईला कळा सुटल्या व्हत्या. तिच्याकडं बघू का नळाकडं? तुम्ही इचारलं तरी व्हतं का?"

मी म्हणालो, "पाणी वाया गेलं की नाही?"

"गेलं."

"मग संपलं."

ती रिकामी घागर तशीच घेऊन गेली. लीलाला मुलगी झाली, हे मला नंतर कळलं. पण शिक्षा एकदा दिली की दिली. रोज बदलत गेलो तर प्रमुख कसला?

जेवताना सुषमा ताटाजवळ पाणी ठेवायला विसरली. तिला हल्ली विसरायला होतं. मी स्वतः उठून घेतलं.

बुधवार, २ एप्रिल

मोटारघरापुढे आज पंधरावीस माणसं जमली होती. पुढे धनश्री. लोटूची सून, मराठी शाळेत शिक्षिका. मुलांना नागरिकशास्त्र शिकवते. मला म्हणाली, "गजेंद्रमामा, देशात कायदे करणारे वेगळे, कारभार करणारे वेगळे आणि न्याय देणारे वेगळे असतात. आपल्याकडे संसद तुम्ही, सरकार तुम्ही आणि कोर्टही तुम्हीच."

मला आधी ती स्तुती वाटली. "अगं, करावं लागतं," असं म्हणूनसुद्धा गेलो. मग लोक हसले.

पार्वतीच्या घरी आज पाचव्या दिवशीही लोक आपापल्या घागरी नेऊन देत होते. म्हणजे शिक्षा तिला आणि वजन सगळ्यांना. हेही कुणीतरी मला ऐकवलंच. तिचा व्हॉल्व्ह उघडून दिला. दबावाला बळी पडलो नाही. तसाही उघडणारच होतो.

मंगळवार, ८ एप्रिल. पाडवा

आज सोसायटीचं बंधारण झालं. इथे सुरतेत घटनेला बंधारण म्हणतात. सुकलालआबांना वाटलं बंधारा घालायचाय, ते म्हणाले, "नदी कुठंय पण?" धनश्रीने समजावलं, "आबा, हा पण बंधाराच. पाण्याला नाही, सत्तेला." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

ठरलं ते असं. नियम करणार सभा. प्रत्येक घरमालकाच्या घरातून एक माणूस. राबवणार प्रमुख, म्हणजे मी. किल्ली आणि पाना माझ्याकडेच. भांडण झालं तर निवाडा करणार तीन पंच. प्रमुखाने सभेत मत द्यायचं नाही, पंचांनी सभेत बोलायचंही नाही आणि दिवाळीपर्यंत पंचांना कुणी काढायचं नाही. माझं मत गेलं म्हणून आमच्या घरातर्फे सभेत सुषमा बसेल. एकूण एकच.

लोटूने विचारलं, "सभेकडे नियम, गजूकडे किल्ली. मग पंचांकडे काय?"

"शब्द," धनश्री म्हणाली.

"नुसता शब्द? मग त्यांचं ऐकेल कोण?"

तेवढ्यात पुरणपोळ्यांचा वास आला आणि सभा संपली.

पंचांची नावं मी सुचवायची आणि सभेने मान्य करायची होती. मी चांगली निवडली. एक सुकलालआबा, ते बैठकीत पाच मिनिटांत डुलकी घेतात. दुसरी वत्सलामावशी; घरी साड्यांना फॉल लावते, तोंडातून शब्द काढत नाही. तिसरा मगन. मगन माझा बारा वर्षांचा दोस्त, त्याच मिलमध्ये, रोज माझ्याच स्कूटरवर मागे बसून पलसाण्याला येतो. सभेने तिघांनाही मान्यता दिली. कोर्टाची काळजी मिटली.

बंधारणाचं पहिलं वाक्य मीच लिहून दिलं: 'बोअरचे पाणी इथे राहणाऱ्या प्रत्येक घराचे आहे.' धनश्री म्हणाली, "मामा, छान लिहिलंत." वाचायला खरंच भारदस्त वाटतं.

सोमवार, १४ एप्रिल

जयंतीची मिरवणूक. डिंडोलीत ढोल, निळे झेंडे, सरबत. धनश्रीने स्टेजवरून घटनेवर भाषण केलं आणि आमच्या सोसायटीचं उदाहरण दिलं. माझं नाव घेतलं नाही. पण लोकांनी माझ्याकडे पाहिलं.

रविवार, २० एप्रिल

बोअर आटतोय. मोटार सुरू केली की पाण्याआधी हवाच येते. आज सभा होती. मी फक्त माहिती द्यायला उभा राहिलो आणि माहिती देता देता एक सूचना केली: उन्हाळा संपेपर्यंत मालकांना रोज पाणी, भाडेकरूंना दिवसाआड. बोअर मालकांनी खणला आहे, हे विसरून चालेल का?

चिठ्ठ्या टाकून मतदान झालं. सगळ्या बाजूने आणि फक्त एक चिठ्ठी विरुद्ध. ठराव पास!

ती एक चिठ्ठी कुणाची असेल? मला लोटूचा संशय आहे. घरी येऊन सुषमाला म्हणालो, "लोटूने दगा दिला बघ." ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "माले काय माहीत?" आणि उगीचच हसली. तिला राजकारणातलं कळत नाही.

गुरुवार, २४ एप्रिल

पार्वती पंचांकडे गेली. बंधारणाखालची पहिली केस आणि तीही माझ्याविरुद्ध!

स्कूटरवर मगनला म्हणालो, "रविवारी सुनावणी आहे म्हणे. बघून घे."

मगन म्हणाला, "बघतो ना."

बस. मी पुढे काही बोललो नाही. दोस्तांमध्ये फोड करून सांगावं लागत नाही.

रविवार, २७ एप्रिल

लिहायला बसलोय. रागाने.

वत्सलामावशीच्या ओट्यावर पंच बसले. समोर सगळी सोसायटी. मी माझं म्हणणं मांडलं: सभेने बहुमताने ठराव केला, मी तो राबवला, यात प्रमुखाची चूक काय? लोकांनीच ठरवलंय.

पार्वती उभी राहिली. डोक्यावर पदर, आवाज बारीक. "आमी मालक न्हाई, खरंय. पण घागर मालकाची असो का भाडेकरूची, तहान सारखीच लागती. मालकाला रोज पाणी म्हनता. आमचा मालक अमळनेरात हाय. त्याला रोज पाणी कोन देनार, आन् कुठं?"

लोक हसले. मला वाटलं आता मगन तिला गप्प करेल. मगनने मलाच विचारलं, "गजेंद्रभाऊ, 'राहणाऱ्या प्रत्येक घराचे'. हे वाक्य कुणी लिहिलं?"

"मी."

"राहणारा म्हणजे कोण? ज्याचं नाव दस्तऐवजावर आहे तो, की जो तिथे राहतो तो?"

मी म्हणालो, "अरे मगन, तुला कळतंय मला काय म्हणायचं होतं."

"तुला काय म्हणायचं होतं ते कळतं," तो म्हणाला. "तू काय लिहिलंस ते विचारतोय."

मग तिघं आत गेले. बराच वेळ आतून वत्सलामावशीचाच आवाज येत होता. ती बोलते!

निवाडा मगनने सांगितला. "सभेला नियम करता येतात. पण ज्या ओट्यावर सभा बसली आहे तोच ओटा तिला खणता येत नाही. ठराव बंधारणाच्या पहिल्या वाक्याविरुद्ध आहे, म्हणून तो रद्द. शेवटच्या घराला आजपासून रोज पाणी. आणि यापुढे कुणाचंही म्हणणं ऐकल्याशिवाय कुणाचाही व्हॉल्व्ह बंद करायचा नाही." दोन विरुद्ध एक. माझ्या बाजूने एकटे सुकलालआबा, आणि ते पूर्ण जागे होते. म्हणाले, "बोअर खणताना मी माती उपसली आहे, म्हणून माझं मत वेगळं. पण दोघांचं ठरलं ते ठरलं."

उठताना मी मगनला म्हणालो, "बारा वर्षं स्कूटरवर मागे बसवलं त्याचं हे?"

तो म्हणाला, "स्कूटरवर मी तुझा दोस्त आहे. इथे ओट्यावर नाही."

व्हॉल्व्ह मी उघडला नाही, दिवसाआडची पाळीही बंद. पाना माझ्याकडे आहे. बघू, शब्दाने नट फिरतो का.

सोमवार, २८ एप्रिल

सकाळी मगन नेहमीसारखा स्कूटरपाशी उभा. मला वाटलं होतं बसने जाईल. बसला मागे. मी सगळ्या रस्त्यात त्याला द्यायची उत्तरं तयार करत होतो, पण त्याने प्रश्नच विचारला नाही. उतरताना फक्त म्हणाला, "मागचा ब्रेक ढिला झालाय. बघून घे."

व्हॉल्व्ह बंदच.

मंगळवार, २९ एप्रिल

कुणी भांडायला येत नाही. याचाच त्रास होतो. मी मोटारघराशी गेलो की बायका बोलणं थांबवतात. पार्वतीच्या दारात पुन्हा लोकांच्या घागरी. त्यात एक घागर मला आमची वाटली, पण पितळी घागरी सगळ्या सारख्याच दिसतात.

संध्याकाळी लोटू दुकानातून उठून खास मला भेटायला आला. हातात हात घेतला. "शाब्बास, गजू! पंचांना बरी जागा दाखवलीस. नुसत्या शब्दाला कोण विचारतं?"

तीन दिवसांत कुणीतरी माझ्याशी नीट बोललं. बरं वाटलं. म्हणालो, "चहा घे."

"चहा नको. एक सांगायला आलो. मी उद्यापासून थेट पाइपाला मोटार लावतोय."

"नियम आहे, लोटू. सभेने पुन्हा पास केलाय."

"असेल ना. तू पंचांचं ऐकत नाहीस, मी सभेचं ऐकत नाही. दोघं सारखे." आणि मोठ्याने हसला. त्याच्या मागे पहिल्या गल्लीतले आणखी दोघं होते, तेही हसले. त्यांनीही मोटारी आणून ठेवल्या आहेत म्हणे.

ते गेल्यावर मी सुकलालआबांकडे गेलो. का गेलो सांगता येत नाही. आबा खाटेवर बसून पाय चेपत होते. मी विचारलं, "आबा, तुम्ही प्रमुखपण सोडलं ते थकलात म्हणून ना?"

"कशाचा थकतो? माझ्याकडे किल्ली होती, गजू. नुसती किल्ली. मी दिवसा व्हॉल्व्ह बंद करायचो, लोक संध्याकाळी दुसरा पाना आणून उघडायचे. बाजारात पाना काय, पाहिजे तेवढे मिळतात."

"मग लोक ऐकतात कशाने?"

"ते मला कळलं असतं तर मी हार घालून घेतला असता."

तिथून सरळ तिसऱ्या गल्लीत गेलो. अजून उजेड होता, बायका ओट्यांवर बसल्या होत्या, सगळ्यांनी पाहिलं. खाली वाकून व्हॉल्व्ह फिरवला. तीन दिवसांत गच्च बसला होता. दोन्ही हातांनी जोर लावावा लागला. नळातून आधी हवा सुटली, मग गढूळ, मग चांगलं पाणी.

पार्वती दारात आली. म्हणाली, "दादा, तुमी सोता आले? कुनाला तरी धाडलं असतं."

"पाना माझ्याकडे असतो," मी म्हणालो.

परत येताना लोटूच्या दुकानापुढे थांबलो. "मोटार लावलीस तर मी बंद करणार नाही," म्हणालो. "पंचांकडे तक्रार करणार. तिथे तुझं म्हणणं ऐकतील, माझंही ऐकतील." लोटू म्हणाला, "तू बिघडलास."

बुधवार, ३० एप्रिल

लोटूने मोटार लावली नाही. ब्रेक दुरुस्त करून घेतला. मगन म्हणाला, "आता बरा लागतो."

रविवार, ४ मे

नवी सभा. पंचांच्या निवाड्यानंतर धनश्रीने मुद्दा काढला की पाणी राहणाऱ्यांचं, तर मतही राहणाऱ्यांचं हवं. बंधारण बदलायला पाऊण सभा लागते. पाऊण सभा झाली, वर दोनचार जास्तच. आता भाडेकरूही सभेत. सगळ्यांचंच पाणी थोडं थोडं कमी करायचं ठरलं, आमच्या गल्लीचंही. सगळे सारखेच कुरकुरले. म्हणजे नियम बरा असावा.

आणि लगेच पार्वतीने हात वर केला. शेजारच्या प्लॉटवर बिल्डिंगचं काम चालू आहे. तिथे दाहोदकडच्या मजूर बायका आहेत. ठेकेदार पाण्याचा टँकर आणतो तो सिमेंटसाठी. तिचं म्हणणं, रोज सकाळी त्यांच्या दर कुटुंबाला एक घागर द्यावी.

मी ताडकन उठलो. मत नाही, पण प्रमुख म्हणून बोलता येतं. सांगितलं, बोअर आटतोय, आपलंच कसंबसं चाललंय, आज घागर देऊ, उद्या पिंप मागतील. माझं बोलणं चांगलं झालं. माना डोलत होत्या.

वत्सलामावशी काहीतरी बोलायला उठली. धनश्री म्हणाली, "मावशी, पंचांना सभेत बोलता येत नाही." मावशी बसली. पण बसता बसता तिने सुषमाकडे पाहिलं, आणि सुषमा उठली. माझी सुषमा, सभेत! म्हणाली, "येत्या शुक्रवारी आखाजी शे. आपन मरेलसले घागर भरतस. मंग जित्तासले काबर नही?"

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, मेलेल्यांना पाणी देतो, मग जित्यांना का नाही. डोलणाऱ्या माना थांबल्या. मग हात वर करून मतदान झालं. ठराव थोडक्यात पास झाला. सुषमाचा हात सगळ्यांत आधी वर.

घरी येताना तिला म्हणालो, "आज पहिल्यांदाच तू माझ्याविरुद्ध मत दिलंस."

ती म्हणाली, "हां, पहिल्यांदाच." आणि चालता चालता पदरात हसत होती. सभेत बोलल्यामुळे लाजली असेल.

शनिवार, १० मे

काल आखाजी झाली. घागरीची पूजा, आमरस, पुरणपोळी, सगळं यथासांग. लीलाची मुलगी आता मान धरू लागली आहे.

ठराव माझ्या मनाविरुद्ध झाला आहे, हे मी इथे स्पष्ट लिहून ठेवतो. आजही सभा भरली तर मी त्याविरुद्धच बोलेन. पण राबवायचं काम प्रमुखाचं. म्हणून सोमवारपासून रोज मिलला जाण्याआधी सोसायटीच्या फाटकाशी पाइप धरून उभा असतो आणि त्या बायकांच्या घागरी भरून देतो. मगन स्कूटरला टेकून वाट बघतो. मदत करत नाही. म्हणतो, "मी पंच आहे, मला कारभारात हात घालता येत नाही." धनश्रीला विचारलं पाहिजे, हे कितपत खरं आहे.

आज एक बाई मागे उभी राहून कंटाळली. मला ओरडून म्हणाली, "ओ पाणीवाळा भाई, जल्दी करोने!"

मी सांगणार होतो की बाई, मी इथला प्रमुख आहे. पण तिची घागर मोठी होती आणि भरायला वेळ लागणार होता. मी पाइप थोडा पुढे सरकवला.

"आलो," म्हणालो.